वीट कुणाच्या दारात होती?



आज जे सांगणार आहे त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती चूक मला आपल्या देवळात कळली नाही. ती कळली वसईत, एका ख्रिस्ती घराच्या जिन्यावर उभा असताना. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी बार्शी तालुक्यातला. गावच्या शाळेत मास्तर होतो. माळ वडिलांनी घातली. आषाढीला आमची दिंडी गावातूनच पंढरीला निघते, तिच्यात मी बावीस वर्षे वीणा घेऊन चाललो. माझ्या उजव्या हाताला पखवाज असायचा. पखवाजी माझ्याच वयाचा, वाळकं लाकूड असावं तसा शिडशिडीत आणि तोंडाचा फटकळ. सूर जरा हलला की भर अभंगात डोळे वटारायचा. गावातल्या विठ्ठलमंदिरात दर एकादशीला भजन व्हायचं, तेही आम्हा दोघांच्या जिवावर.

निवृत्त झालो आणि मुलाच्या नोकरीपायी वसईला राहायला गेलो. मुलाने पश्चिमेकडच्या एका गावात भाड्याने वरचा मजला घेतला होता. खाली घरमालक, ख्रिस्ती. मागे त्यांची केळीची वाडी. आमच्या मंडळींनी पहिल्या दिवशी पदर नाकाला लावला, कारण अंगणात मासळी वाळत होती. घरमालकीण मावशींनी ते पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मासळीची बांबूची काठी घराच्या पलीकडच्या अंगाला गेली होती. मला शरम वाटली, पण मीही काही बोललो नाही.

चिमाजीआप्पांनी १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून घेतली, हे मी शाळेत अनेक वर्षे शिकवलं होतं. पण त्या किल्ल्याच्या आसपासच्या गावांत राहणारी ही माणसं घरात मराठीचीच बोली बोलतात, मिस्सा मराठीत ऐकतात, हे मात्र मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. मिस्सा म्हणजे त्यांची मुख्य उपासना. पूर्वी ती लॅटिनमध्ये असे. १९६२ ते १९६५ या काळात रोमला त्यांची मोठी धर्मपरिषद भरली, त्यानंतर ती लोकांच्या भाषेत होऊ लागली. घरमालक काकांनी हे सांगितलं तेव्हा मला आपल्या ज्ञानोबा माउलींची आठवण झाली. काकांच्या कपाटात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ होतं. दिब्रिटो वसईचेच, २०२० मध्ये धाराशिवला मराठी साहित्य संमेलन भरलं त्याचे ते अध्यक्ष होते. मला ते नाव वर्तमानपत्रातून माहीत होतं, शेजार मात्र आता घडत होता.

त्यांच्या गावाच्या चर्चला आणि त्याच्याशी जोडलेल्या सगळ्या कुटुंबांना मिळून ‘धर्मग्राम’ म्हणतात. शब्द मला फार आवडला. वरच्या गॅलरीत बसून मी त्या धर्मग्रामाचा आठवडा पाहू लागलो. आपली तिथी पंधरवड्याने फिरते, त्यांचं चक्र वाराचं.

रविवारी पहाटेच घंटा होई. रविवारची मिस्सा चुकवायची नाही, हा त्यांचा नेम. फार तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा केली तर चालते. मुलांना धर्मशिक्षणाचा वर्ग असे, त्याला शाळेसारखीच हजेरी. मिस्सा संपता संपता सूचना वाचल्या जात: कुणाचं लग्न ठरलं, कोण वारलं, कोणत्या समूहाची कोणती पाळी. लग्न ठरलं की वधूवरांची नावं तीन रविवार पुकारतात, म्हणजे कुणाला काही हरकत असेल तर त्याने वेळेत सांगावी.

रोज संध्याकाळी खालून जपमाळेचा आवाज येई. दहा-दहा मण्यांच्या पाच ओळी. जपताना येशूच्या आणि त्याच्या आईच्या चरित्रातले प्रसंग मनात आणायचे, आणि तेही वारागणिक ठरलेले. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे, गुरुवारी प्रकाशाचे. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की काका वाडीत हातातलं खुरपं खाली ठेवत, टोपी काढत, दोन मिनिटं उभे राहत आणि परत वाफ्यात बसत. त्या दोन मिनिटांत मीही नकळत हरिपाठाची पुस्तिका हातात घेऊ लागलो.

बुधवारी रात्री काका सभेला जात. संत विन्सेंट दि पॉल यांच्या नावाची एक संस्था आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये काही कॉलेजच्या मुलांनी ती सुरू केली आणि आता जगभरच्या धर्मग्रामांत तिच्या शाखा आहेत. आठवड्याला बसायचं, प्रार्थना करायची आणि कुणाकुणाच्या घरी जायचं ते ठरवायचं. गरीब, आजारी, एकटी माणसं. घरी जायचं ते दोघांनी मिळून. सभेच्या शेवटी एक पिशवी फिरते. तिच्यात मूठ घालायची आणि बाहेर काढायची. कुणी किती टाकलं हे शेजारच्यालाही कळत नाही. ज्याच्याजवळ काही नसेल त्याचीही मूठ आत जाते, झाकून राहते.

मी म्हटलं, “काका, फार चांगली माणसं तुम्ही.”

काका हसले. “मास्तर, गेल्या सणाच्या हिशेबावरून आमच्यात तीन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांतलं एक माझं.”

हे उत्तर ऐकून मला ती माणसं जास्त जवळची वाटली. आमच्या दिंडीतही तंबूच्या भाड्यावरून अबोला झालेला होताच.

आता त्या जिन्याकडे येतो.

काकांच्या आई नव्वदीच्या. मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळपासून खाली लगबग असे. मावशी ओसरी पुसून घेत. आजींना न्हाऊ घालून धुवट लुगडं नेसवत. खाटेजवळ स्टूल, त्यावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, वाडीतली मोगऱ्याची ओंजळभर फुलं. मग फाटकाशी स्कूटर थांबे. एरवी फादर लांबूनच ‘काय मास्तर’ म्हणून हाक मारणारे. त्या दिवशी ते मान खाली घालून, एक हात छातीशी धरून गप्प आत जात. पहिल्या खेपेला मला वाटलं, राग आला की काय. काकांनी नंतर सांगितलं, “छातीशी डबी असते. तिच्यात ख्रिस्तप्रसाद. म्हणून बोलत नाहीत.”

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. ख्रिस्तप्रसाद म्हणजे आपल्या काल्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नव्हे. मिस्सेत ती भाकर ख्रिस्ताचं शरीरच होते अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून ती बाहेरच्यांना देत नाहीत. मी एकदा रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा काकांनी आधीच हळू सांगितलं होतं, “आम्ही पुढे जाऊ तेव्हा तुम्ही इथेच बसा हं.” मला वाईट वाटलं नाही. ज्याची श्रद्धा खरी असते त्याला मर्यादाही असते, हे माळकऱ्याला कुणी शिकवायला नको.

तर त्या शुक्रवारी मी जिन्यात उभा होतो. आजींनी थरथरते हात जोडले होते. प्रार्थना झाली. फादरांनी प्रसाद जिभेवर ठेवला. आजींचे डोळे मिटले, गालावरून पाणी आलं. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. निघण्याआधी फादर खाटेच्या कडेला टेकले आणि म्हणाले, “आजी, पायाची सूज कशी आहे?”

फादर गेल्यावर मी मावशींना म्हटलं, “आजींना किती बरं वाटलं.”

मावशी म्हणाल्या, “साठ-सत्तर वर्षं त्या चर्चला गेल्या. आता जाता येत नाही. मग चर्चने नको का त्यांच्याकडे यायला?”

त्या हे सहज बोलून चहा टाकायला आत गेल्या. मी मात्र तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो.

मला माझा पखवाजी आठवला.

वसईला येण्याच्या दीड वर्ष आधी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. मी दवाखान्यात एकदा गेलो, घरी एकदा. नंतर शाळेचं शेवटचं वर्ष, मुलीचं लग्न, ही कामं आली. खरं सांगू? कामं नव्हती आड येत. ज्या हाताने पखवाज बोलायचा तो हात गोधडीवर नुसता पडलेला मला बघवत नव्हता. आम्ही एका पोराला पखवाजावर बसवलं आणि एकादशीचं भजन चालू राहिलं. पखवाज्याचं घर देवळामागच्या चौथ्या गल्लीत. देवळावर कर्णा लावलेला. म्हणजे दर एकादशीला माझा आवाज त्याच्या खाटेपर्यंत जात होता आणि मी जात नव्हतो. रंजल्यागांजल्यांचा तुकोबांचा अभंग मी त्याच कर्ण्यावरून कितीदा म्हटला असेन.

आणि मग त्या पायरीवर मला पुंडलिकाची गोष्ट आठवली. जन्मभर ऐकलेली, मुलांना सांगितलेली. देव भक्ताला भेटायला आला तेव्हा पुंडलिक काय करत होता? आईबापांचे पाय चेपत होता. त्याने देवाला थांबायला सांगितलं, वीट टाकली आणि देव थांबला. आपण अठ्ठावीस युगांचं कौतुक करतो, कर कटावर पाहतो, विटेला डोकं टेकतो. पण ती वीट कुठे पडली होती? घराच्या दारात. जिथे म्हातारी माणसं होती आणि त्यांच्याजवळ कुणीतरी बसलं होतं, त्या घराच्या दारात. देव आधी तिथे आला आणि राऊळ त्याच्यासाठी मागाहून उभं राहिलं. आपला संप्रदायच मुळी देवाच्या या येण्यातून सुरू झाला. मावशी बोलल्या ते मला नवं नव्हतं. ते आपल्या घरातलंच होतं, मी वापरायचं सोडून दिलं होतं.

पुढच्या एकादशीच्या आदल्या रात्री मी गाडीत बसलो.

पखवाज्याच्या दारात त्याची बायको ज्वारी पाखडत होती. मला पाहून सूप थांबलं. “आता आलात व्हय, मास्तर?” एवढंच म्हणाली. मी आत गेलो. त्याने मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी बुक्का लावायला हात पुढे केला, त्याने मान हलवून नको म्हटलं. मी खाली बसलो. दोन अभंग म्हटले, एकट्याने, टाळावर. त्याने तोंड वळवलं नाही. निघताना पाया पडलो. क्षमा मागायचं मनात होतं, पण शब्द फुटला नाही.

वसईला आल्यावर काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या यादीत एक म्हातारा होता. चार महिने दार उघडलं नाही. आम्ही बाहेरून ‘येतो हं’ म्हणून परत यायचो.”

“मग पुढे?”

“पुढे काय? पाचव्या महिन्यात चहा दिला.”

पुढच्या एकादशीला मी पुन्हा गेलो. त्याही वेळी भिंत. पण अभंगाच्या मध्यावर त्याचा डावा हात खाटेच्या लाकडावर हलला. ठेका नव्हता तो, नुसती बोटं थांबून थांबून पडत होती. अभंग संपला. त्याने मान वळवली. जीभ जड झाली होती तरी शब्द कळले.

“पट्टी उतरली की तुझी.”

मी हसलो आणि रडलोही. बावीस वर्षांतलं ते त्याचं नेहमीचं बोलणं होतं.

नंतर मुलाची बदली झाली आणि आम्ही गावी परतलो. आता आमच्या भजनी मंडळाने एक वही केली आहे. तिच्यात देवळापर्यंत येऊ न शकणाऱ्यांची नावं आहेत. सध्या अकरा. शुद्ध एकादशीचं भजन देवळात होतं, वद्य एकादशीचं वहीतल्या एका घरी. मधल्या दिवसांत दोघे-दोघे जाऊन भेटून येतो. जाताना अंगारा-बुक्का, तुळशीचं पान आणि देवळातलं तीर्थ नेतो. चहा घेतो, कारण तो नाकारला तर घरातली माणसं खट्टू होतात. दक्षिणा मात्र घेत नाही. पखवाजावरचा पोरगा दर वद्य एकादशीच्या आधी चौथ्या गल्लीत जाऊन डाव्या हाताचे बोल शिकून येतो आणि शिव्याही खाऊन येतो.

गेल्या वर्षी मावशींचा फोन आला. आजी गेल्या. शेवटच्या शुक्रवारीही फादर येऊन गेले होते. मी देवळात गेलो, विटेवरच्या पायांशी डोकं ठेवलं आणि त्या ख्रिस्ती माउलीसाठी एक अभंग म्हटला. विठ्ठलाला ती कोण हे सांगावं लागलं नसेल.

वाचक माउली, आपल्या देवळामागेही एखादी चौथी गल्ली असेलच. कर्ण्याचा आवाज तिथवर पोचत असेल. या एकादशीला आपण पोचू या.

राम कृष्ण हरी.