अंगावरची वर्दी

'वर्दी' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. शिपायाचा गणवेश हा त्याचा अर्थ उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. मराठीत त्याला आणखी एक अर्थ आहे. गावात चोरी झाली, की कोणीतरी पोलीस ठाण्यात 'वर्दी देतो', म्हणजे खबर देतो. मला वाटते, हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर नाहीत. अंगावरची वर्दीही पाहणाऱ्याला खबरच देत असते. ती खबर खरी असावी, एवढेच मला सांगायचे आहे.

आमच्या चंद्रपूर भागात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घातलेले पुष्कळ लोक दिसतात. ताडोबाचे वाघ पाहायला येणारे पर्यटक ते हौसेने घालतात. मजूरही घालतात, कारण ते दणकट आणि मळखाऊ असतात. पोटासाठी राबणाऱ्याला त्याबद्दल कोण दोष देईल?

पण एकदा अहेरीहून येणाऱ्या एस.टी.त मी वेगळेच पाहिले. गाडी खच्चून भरली होती. असे कपडे घातलेला एक तरुण चढला. एक म्हातारेबाबा लगेच उठले आणि म्हणाले, "बसा साहेब, सीमेवर तुम्ही उभेच असता." तरुण काही न बोलता बसला. शेजाऱ्याने त्याची पलटण विचारली, तेव्हा तो खिडकीबाहेर पाहू लागला. तोंडाने तो एक शब्दही खोटे बोलला नाही. खोटे बोलले ते त्याचे कपडे, आणि उभे राहिले ते म्हातारेबाबा.

कायदाही हाच फरक करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे १६८ वे कलम पाहा. सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावे या हेतूने जो सैनिकासारखा पोशाख करतो किंवा बिल्ला लावतो, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा नुसता कपडा पाहत नाही, हेतू पाहतो.

तरीही हेतू चांगला असला म्हणजे धोका टळतो, असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे सैनिकी पोशाखात आले होते. त्यानंतर नागरिकांनी असे कपडे वापरू नयेत, अशी विनंती लष्कराने केली.

गडचिरोलीच्या रानाला तर हे वेगळे सांगायला नको. १९८२ साली हा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. पुढे कित्येक वर्षे या रानात एकीकडे पोलिसांचे जवान आणि दुसरीकडे नक्षलवादी वावरत होते. दोघांचेही कपडे हिरवेच. तेंदूपाने तोडायला किंवा मोहफुले वेचायला निघालेल्या माणसाला झाडांच्या आडून फक्त कपडा दिसतो, चेहरा दिसत नाही. त्याचाही फक्त कपडाच दुसऱ्याला दिसतो. भीतीच्या वेळी कोणी नाव विचारत बसत नाही.

त्या वर्दीची किंमतही या मातीने पाहिली आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभुळखेडा येथे सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांचा वाहनचालक मृत्युमुखी पडले. आपण जवानाला मान देतो तो या जोखमीसाठी, कापडासाठी नाही.

मित्रांनो, तुम्हाला वर्दीची आवड असेल, तर ती चांगलीच गोष्ट आहे. शाळेत एन.सी.सी. असेल तर जरूर नाव द्या. उन्हात कवायत करा, शिस्त शिका, मग ती वर्दी अभिमानाने घाला. आणि साध्या कपड्यांत असताना कोणी तुम्हाला चुकून फौजी समजले, तर नम्रपणे सांगा, "मी फौजी नाही, विद्यार्थी आहे." एवढे सांगायलाही थोडे धैर्य लागते.