टायर उघडून बघणारी माणसं

द्रुतगती मार्ग नव्हता तेव्हा मुंबई-पुणे प्रवासात पंक्चर गृहीतच धरलेलं असायचं. खोपोलीच्या अलीकडे फियाट एका बाजूला ओढायला लागली की वडील ती कडेला घ्यायचे आणि आम्ही पोरं चाकामागे लावायला दगड शोधायचो. जॅक, पाना, डिकीतली स्टेपनी. थोड्याच वेळात गाडी रस्त्याला लागायची. खरं काम पुढे पंक्चरवाल्याकडे. तो बहुधा केरळहून आलेला असायचा.

त्याचं काम मी तासन्‌तास बघितलं असतं. टॉमी घालून तो टायर रिमवरून सोडवायचा, ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या टबात फिरवायचा. बुडबुडे आले तिथे खूण करून जागा कानशीने खरवडायचा, कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा आणि वर जुन्या इंजिनाचा पिस्टन आवळायचा. पिस्टनच्या पोकळीत रॉकेल ओतून पेटवलं की त्या आचेवर ठिगळ ट्यूबशी एकजीव व्हायचं. तोवर तो टायरच्या आत हात घालून सगळा घेर चाचपायचा. खिळा आतच राहिला तर ट्यूब पुन्हा फुटणार, हे त्याला पक्कं माहीत.

आता पुतण्याकडे जोरदार पळणारी गाडी आहे. टायरचं माप 225/40 आर 18, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात जेमतेम 90 मिलिमीटर उंचीची भिंत. ट्यूब नाही, त्यामुळे खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि समोरचा दिवा लागतो. डिकीत स्टेपनीही नाही. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीविना गाडी विकायला आपल्याकडे 2020 च्या ऑक्टोबरपासून परवानगी आहे. किटमधलं सीलंट भरायचं, हवा मारायची आणि ताशी 80 च्या आत दुकान गाठायचं.

तिथे पोरगा खिळा उपटतो, भोक रुंद करतो, चिकट दोरी आत खुपसून उरलेलं टोक कापतो. पाच मिनिटांत मोकळं. टायर रिमवरून उतरतच नाही. गावात फिरणाऱ्या छोट्या गाडीला हे बहुतेकदा चालून जातं. पण ज्या टायरवर ताशी 270 चं ‘डब्ल्यू’ अक्षर छापलंय, त्याला मी ते करू देणार नाही. हवा कमी असताना गाडी थोडी जरी पळाली तरी ती बुटकी भिंत रिमखाली चेपते, आतले धागे तुटतात आणि बाहेरून टायर नवाकोरा दिसत राहतो. म्हणून टायर उतरवायचा, सीलंट पुसायचं, भोक टायरच्या मधल्या पट्ट्यात आणि 6 मिलिमीटरच्या आत असेल तरच आतून खरवडून, सोल्यूशन लावून मशरूम पॅच बसवायचा, मग बॅलन्सिंग. कडेला किंवा भिंतीला भोक असेल तर टायर बादच. रॉकेल आणि पिस्टन सोडले तर खोपोलीचा तो माणूस दुसरं काय करत होता?

पुतण्याला घाई होती, तरी मी टायर उतरवायला लावला. भोक बरोबर मध्ये होतं, अगदी बारीक. कारागिराने बॅटरी मारून आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं, तर बोटाला रबराची काळी भुकटी लागली. नवा टायर मागवावा लागला, आणि तो येईपर्यंत गाडी दुकानातच राहिली.