दहा मिनिटांवरची लेक

लेक परदेशी निघाली की आपण विमानतळापर्यंत जातो, काचेपलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवतो आणि घरी येऊन डोळे पुसतो. पण परदेशी निघालेली लेक आधी सहा आठवडे आपल्याच घरापासून दहा मिनिटांवर राहणार, आणि तरी तिला भेटायचे नाही, साधा फोनही करायचा नाही, असे कुणी सांगितले तर? मी तर ऐकून म्हणाले होते, "अगं बाई, हा काय छळ!"

ही गोष्ट २०१८ सालच्या मे-जूनमधली. अमेरिकेत यूटा राज्यात ओरेम नावाचे गाव आहे. तिथे माझे मोठे दीर राहतात. दोन महिने आम्ही त्यांच्याकडे होतो. (शाळेतून रजा मिळाली, कारण अर्धवेळ शिक्षिकेची रजा बिनपगारी असते. ती द्यायला कुणाचे काय जाते?) गावाच्या पाठीशी वॉसॅचचे डोंगर, आणि टिंपानोगस शिखरावर मे महिन्यातही बर्फ. खाली घामाच्या धारा आणि वर बर्फ, हे पाहून मला पहिले चार दिवस दुसरे काही सुचले नाही.

जाऊबाईंची शेजारीण मॉर्मन पंथाची. त्या भागात बहुतेक सगळे तेच. माणसे लाघवी, मदतीला धावणारी. पण चहा नाही, कॉफी नाही, धर्मातच मनाई! आपल्याकडे आल्यागेल्याला पहिला चहा विचारायची सवय. मी दोनदा विचारून बसले, मग लिंबाच्या सरबतावर आले.

या शेजारणीची धाकटी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची. त्यांच्यात मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष धर्मप्रचाराला जातात. त्याला ते 'मिशन' म्हणतात. पूर्वी मुलींना एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागे. २०१२ मध्ये ही अट एकोणिसावर आणली आणि मुलींची रीघ लागली. कुठे जायचे ते आपण ठरवायचे नाही, वरून पत्र येते. हिला आले चिलीचे. खर्च घरच्यांनी आणि स्वतः साठवलेल्या पैशांतून करायचा. आणि स्पॅनिश? तिला एक अक्षर येत नव्हते.

त्यासाठीच शेजारच्या प्रोव्हो गावातले प्रशिक्षण केंद्र. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला लागूनच ते आहे. १९६१ मध्ये तिथे भाषेचे वर्ग सुरू झाले ते स्पॅनिशपासूनच. लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मुलांचे व्हिसा अडकायचे, तर रिकामे बसण्यापेक्षा भाषा तरी शिका, असा तो विचार. १९७६ मध्ये स्वतंत्र इमारती झाल्या. आता तिथे पन्नासाहून जास्त भाषा शिकवतात.

पोचवायला शेजारणीने मलाही नेले. बुधवार होता. मला वाटले आत हॉल असेल, चार शब्द बोलणे होईल. छे! गाडी फुटपाथला लागली, तिथली एक मुलगी हसत पुढे आली, तिने बॅग उतरवून घेतली, आईने मिठी मारली, झाले. मागे गाड्यांची रांग. दोन मिनिटांत लेक आत आणि आम्ही परत रस्त्यावर. शेजारीण घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण मला माझ्या बिदाईचा दिवस आठवत होता. त्या दिवशी निदान आई दारात तरी उभी होती.

धर्मप्रचाराबद्दल माझे मत वेगळे आहे आणि ते मी शेजारणीला सांगितलेही. ज्याचा देव त्याच्यापाशी. तिने शांतपणे ऐकून घेतले. पण भाषा शिकवण्याची त्यांची तऱ्हा ऐकून माझ्यातली शिक्षिका कान टवकारून बसली.

आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा आणि घरी ईमेल करण्याचा. शेजारीण ते ईमेल आम्हाला वाचून दाखवी. सकाळी साडेसहाला उठायचे, रात्री साडेदहाला दिवे बंद. प्रत्येकीला एक जोडीदारीण, तिला नजरेआड करायचे नाही. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर आडनावाआधी 'एर्माना', म्हणजे बहीण. शिकवणारे बहुतेक विद्यापीठातलेच विद्यार्थी, स्वतः मिशन करून आलेले. पहिल्याच आठवड्यात शिक्षक अनोळखी गृहस्थ बनून खुर्चीत बसतात आणि या दोघींनी त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायचे. येत नाही? तरी बोलायचे! हातवारे करा, चुका, पण इंग्रजी नको. आपण शाळेत किती वर्षे इंग्रजी शिकलो, आणि मी तर बी. ए. झाले, पण त्या विमानात हवाईसुंदरीकडे पाणी मागताना मनात वाक्य तीनदा जुळवले होते.

चुकाही काय एकेक! लाज वाटली म्हणायचे म्हणून इंग्रजीच्या वळणाने मुली 'एम्बारासादा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'दिवस गेलेत'. प्रत्येक वर्गात कुणीतरी हे म्हणतेच म्हणे. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि र वर जोर दिला की 'पेर्रो', म्हणजे कुत्रा. 'पण' म्हणता म्हणता कुत्रा आणला, असे हिने लिहिले होते.

सगळ्यात आधी शिकवतात ती प्रार्थना. तिथे तिची गाडी अडली. स्पॅनिशमध्ये जवळच्याला 'तू' आणि परक्याला, मोठ्याला 'उस्तेद'. मग देवाला काय म्हणायचे? 'तू'! अर्थ तोच, उच्चारही तोच. मी शेजारणीला सांगितले, "आम्हीही विठोबाला 'तू'च म्हणतो. सासऱ्यांना मात्र 'तुम्ही'."

पण मला खरा आनंद झाला तो तिसऱ्या ईमेलने. जाण्याआधी ती आमच्याकडे शिरा खायला आली होती, तेव्हा मी तिला एक वाक्य शिकवले होते, 'मला शिरा आवडतो'. आता तिने लिहिले, "त्या भारतातल्या मावशींना सांग, स्पॅनिश त्यांच्यासारखीच आहे. वर्गात सगळ्यांचा 'मे गुस्ता'मध्ये गोंधळ होतो. 'मी आवडते' असे म्हणायचे नसते, 'मला आवडतो' म्हणायचे असते. मला ते लगेच कळले." पुढे तर आणखी मजा आहे. वस्तू अनेक असल्या की क्रियापद बदलते. 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. आहे की नाही आपल्यासारखेच? इंग्रजीतून हे समजावताना मास्तरांचा घसा सुकतो.

जूनच्या शेवटी ती चिलीला निघाली. विमानतळावरून फोन करायची परवानगी होती. पहाटेच तो आला. शेजारीण सांगत आली, "दहा मिनिटं बोलली. मी फक्त जेवलीस का, एवढंच विचारलं." तेव्हाच्या नियमाने पुढचा फोन थेट नाताळात! वर्षाला दोनच फोन, नाताळात आणि मातृदिनाला. २०१९ च्या फेब्रुवारीत नियम बदलला, दर आठवड्याला घरी बोलायची मोकळीक मिळाली. ती बातमी आली त्या दिवशी शेजारीण जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन रडली म्हणे. लेक गेल्यापासून पहिल्यांदा.

चिलीत पोरीची धांदल उडाली. तिथली माणसे भराभर बोलतात आणि शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून टाकतात. "मला दुसरीच कुठली तरी स्पॅनिश शिकवली," असे तिने लिहिले होते. तिला तीन महिने लागले.

२०१९ च्या डिसेंबरात ती परतली. पहिल्या रात्री जेवणाआधी प्रार्थना म्हणायला लागली ती इंग्रजीत, आणि दोन वाक्यांनंतर नकळत स्पॅनिशमध्ये घसरली. आईला त्यातले 'मामा' एवढेच कळले.

दुसऱ्या दिवसापासून शेजारणीने लेकीची जुनी वही उघडली आहे, असे जाऊबाईंनी फोनवर सांगितले. परवा जाऊबाईंकडे हापूसच्या रसाचा डबा फोडला, तर ही घाईघाईने म्हणाली, "मे गुस्ता लोस मांगोस!" जाऊबाई लगेच म्हणाल्या, "गुस्तान म्हण, गुस्तान! आंबे अनेक आहेत."