आतून कडी

परवा शनिवारी सकाळी मनीषनगरात आमच्या बिल्डिंगच्या गेटवर शेजारच्या ताई भेटल्या. त्या नर्स आहेत. नाइट संपवून येत होत्या, अंगावर युनिफॉर्म तसाच. सहज विचारलं, "तिकडेच कपडे का नाही बदलत?"

"खोली आहे नं भाऊ, पण आतून कडीच नाही."

आमच्या ऑफिसात पाठ दुखली की एक मेल टाकायचा, नवी खुर्ची येते. कम्फर्ट म्हणजे तेच, असं मला वाटायचं...

मग अरुणा शानबाग आठवल्या. मुंबईच्या केईएममधल्या नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या आणि तिथेच सफाई कामगाराने हल्ला केला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. तोवर तिथल्या नर्सेसनीच त्यांना सांभाळलं. कोलकात्याच्या आर. जी. कर प्रकरणानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सुप्रीम कोर्टाला पुन्हा रात्रपाळीच्या विश्रांतीच्या खोल्यांबद्दल बोलावं लागलं. म्हणजे जवळपास एकावन्न वर्षांनीही मुद्दा खोलीचाच!

असो. ताई सोमवारी मेट्रनकडे अर्ज देणार आहेत. टाईप मी करून दिला. मजकूर एकच ओळ: दाराला आतून कडी लावून मिळावी.