फळीवरचा उन्हाळा

9 एप्रिल
सबसेंटरला पोस्टरचा गठ्ठा आला. ‘दुपारी 12 ते 4 घराबाहेर पडू नका.’ चित्रात छत्रीवाली गोरी बाई, डोळ्यांवर गॉगल. आमच्या गावात गॉगल एकट्या ग्रामसेवकाकडे. चिकटवायला काही दिलं नाही. आशाताईने भाताची खळ केली.

11 एप्रिल
नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का, त्याची ओ.टी. टेस्ट. थेंब टाकले, नळी हलवली. पिवळेपणा नावाला नाही. टाकीत ब्लिचिंग पडलेलंच नाही. पंचायतीचा शिपाई म्हणतो, टाकलं जी, देवाशपथ. पोतं उघडून पाहिलं. खडे झालेत, वासही उरला नाही. पत्र्याखाली तोंड उघडं ठेवलेलं पोतं, क्लोरीन कधीच उडून गेला. तो खोटं बोलत नव्हता.
नवं पोतं मागितलंय. तोवर घरोघरी पाण्यात टाकायला मेडिक्लोर.

14 एप्रिल
जयंतीची मिरवणूक यंदा संध्याकाळी काढली. समाजमंदिरासमोर मठ्ठ्याचे ड्रम. पंचांनी आपसात ठरवलं. पोस्टर कोणी वाचलंही नसेल.

16 एप्रिल
आजच्याच तारखेला, 2023 साली, खारघरच्या मैदानात 14 माणसं गेली होती. महाराष्ट्र भूषणचा सोहळा. पारा चाळिशीच्या आत होता. हवेत दमटपणा असला, डोक्यावर सावली नसली, की तेवढंही पुरतं. आमच्याकडे मात्र ब्रह्मपुरीचा आकडा पंचेचाळीस झाल्याशिवाय कोणी दचकत नाही.

22 एप्रिल
लसीकरण. सातलाच बसलो, दहाला आवरलं. पोलिओच्या बाटलीवरचा चौकोन सारखा पाहत होते. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तरच लस चांगली. माणसांसाठीही असं काहीतरी चिकटवायला हवं होतं.
ओआरएसच्या पुड्या वाटल्या. एका घरी अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात घोळून पोराला पाजत होते. खारट लागते म्हणून वरून साखर. पुन्हा सांगितलं: अख्खी पुडी, लिटरभर पाणी, एकदम. उद्या सकाळी उरलं तर फेकायचं. फेकायचं म्हटल्यावर म्हातारीचा चेहरा पडला.

28 एप्रिल
शेजारच्या टोल्यावर कूलरमध्ये पाणी भरताना पोरीला शॉक. वाचली. तळहात भाजलाय. पत्र्याचा कूलर, खाली ओली जमीन, पाय अनवाणी. दरवर्षी विदर्भात यात जीव जातात. पोस्टरवर कूलर नाही. कोतवालाला दवंडी द्यायला लावली: आधी पिन काढा, मग पाणी भरा.

2 मे
तालुक्याला मिटिंग. उन्हाच्या आजारांचा अहवाल 1 मार्च ते 31 जुलै, रोजच्या रोज, शून्य असला तरी शून्य भरून. सगळ्यांचे शून्य. साहेब खूश. मिटिंगच्या हॉलमध्ये एसी.

5 मे
तेंदूपत्ता सुरू. पहाटे चारला गाव रिकामं. बाया घोळक्याने जातात, मोठमोठ्याने बोलत, वाघाला ऐकू जावं म्हणून. नदीपलीकडे सिंदेवाही तालुक्यात 2025 च्या मे महिन्यात एकाच दिवशी तीन बाया गेल्या, पानं तोडतानाच. त्या भीतीपुढे उन्हाची भीती कोण घेतो?

6 मे
दुपारी सबसेंटर ओस. कंटाळून मीच फळीवर गेले, तेंदूची पानं वाळवतात तिथे.
उघडं मैदान. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे रांगेने वाळत घातलेले, नजर पोचेल तिथवर. एक बाजू वाळली की पलटवायचे. पलटवणारे वाकून वाकून पुढे सरकतात. सावलीला एक मोहाचं झाड, त्याखाली ठेकेदाराच्या मुन्शीची खुर्ची.
एका बाजूला पाण्याचा टँकर. मला बरं वाटलं. मुन्शी म्हणाला, तो पानासाठी आहे सिस्टर. बोद, म्हणजे पानांची पोती, भरायच्या आधी पानांवर पाणी शिंपावं लागतं, नाहीतर तडकतात. माणसांना? वीस लिटरचा कॅन होता. रिकामा.

8 मे
सात महिन्यांची गरोदर, पहाटे जंगलात गेली. परतल्यावर दारात गाठलं. बीपी ठीक, हिमोग्लोबिन आठ. रागावले. ती खाली बसून पुडे बांधत होती, हात थांबले नाहीत.
“घरी बसून कोन देईल जी सिस्टर? वर्षभराचा मीठ-मिरचीचा पैसा याच पंधरा दिवसांत येते.”
यावर माझ्याकडे पोस्टर होतं.

9 मे
तिच्या सासूशी बोलले. ती जंगलात जाईल, सून घरी पुडे बांधेल. आंबील करून ठेवायचं कबूल केलं. सासू बासष्टची आहे.

13 मे
दीड वाजता आशाताईचा फोन. फळीवर एक भाऊ पडला. गाडी काढली.
मुन्शी म्हणतो, मोहाची मारून आलाय, शिव्या देऊन राहिला. दोघांनी हात धरून ठेवलेले. डोळे तांबडे, शब्द लागत नव्हते. स्वतःच्या बायकोला ओळखेना. तोंडाला वास घेतला. दारूचा नव्हता. कातडी कोरडी, तव्यासारखी.
काखेत थर्मामीटर. 105. आत त्याहून जास्तच असणार. 104 च्या वर आणि भान गेलेलं, एवढं पुरे होतं.
कोणीतरी तोंडात पाणी ओतत होतं. थांबवलं. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर छातीत जातं. दुसऱ्याने पॅरासिटामोल विचारली. या तापात तिचा काही उपयोग नाही.
108 ला फोन. पाऊण तास लागेल म्हणे.
तेवढा वेळ नव्हता. मुन्शीला म्हटलं, टँकर उघडा. तो ठेकेदाराला फोन लावायला लागला. आशाताईने जाऊन स्वतःच नळ फिरवला. शर्ट काढला, मोहाखाली आडवं केलं, बोदाची पोती भिजवून अंगावर, पुन्हा काढायची, पुन्हा भिजवायची. दोन बाया लुगड्याच्या पदराने वारा घालत होत्या. किराणावाल्याच्या फ्रीजमधले पेप्सीकोले मागवले, ते काखेत, जांघेत, मानेला लावले. पोरं हसली. मग हसायची थांबली.
अर्ध्या तासाने 102 ला आला. बायकोचं नाव घेतलं. गाडी आली तेव्हा सलाईन लावून रवाना केला.
टँकर निम्मा रिकामा झाला होता. पानांचं काय, म्हणून मुन्शी अजून विचारतोय.

14 मे
ग्रामीण रुग्णालयातून फोन: शुद्धीवर आहे, लघवी होतेय. किडनी शाबूत असावी.
अहवालात संशयित उष्माघात, एक. पाठोपाठ वरून फोन, नक्की का? थर्मामीटरचा आकडा सांगितला. मग काही बोलले नाहीत.

15 मे
फळीवर आता दोन कॅन. एक भरलेला.

18 मे
पहाटे टोल्यावरचे एक बाबा गेले. पत्र्याचं घर, एकच दार, लाइट रात्री दहापासून नव्हती. रात्रीही हवा निवत नाही आता. बीपीची, लघवी होण्याची गोळी चालू होती त्यांना. अंगातलं पाणी तीही काढते. या गोळ्यांवर असलेल्यांची यादी मार्चमध्येच डॉक्टरांकडे जायला हवी, डोस पाहून घ्यायला.
मी गेले तेव्हा आंघोळ घालून झाली होती. ताप कोणीच पाहिला नव्हता. आशाताईच्या किटमधला थर्मामीटर बंद, सेल दिवाळीपासून मिळालेला नाही.
“म्हातारा मानूस, गेला,” एवढंच सगळे म्हणत होते.
नोंद: वृद्धापकाळ.

20 मे
साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तापमानाची नोंद नाही, पोस्टमॉर्टेम नाही, उष्माघात कसा लिहिणार? नियमाने बरोबर आहे. याच नियमाने गरीब माणूस उन्हाने कधी मरत नाही. तो हार्टने मरतो, वयाने मरतो, दारूने मरतो.

21 मे
अहमदाबादचं वाचत होते. 2010 च्या मे महिन्यात तिथे नेहमीच्या मेपेक्षा 1,344 माणसं जास्त मेली. दाखल्यांवर ऊन हे कारण असलेली मोजकीच. एरवी किती जातात आणि या महिन्यात किती गेले, ही वजाबाकी केली तेव्हा कळलं. 2013 मध्ये त्यांनी उष्णतेचा कृती आराखडा केला, देशातला पहिला.
मृत्यूचं रजिस्टर काढलं. मागच्या काही वर्षांचे मे महिने चाळले. आमच्या एवढ्याशा गावांवरून काही सिद्ध होत नाही. तालुक्यातली सगळी रजिस्टरं एका टेबलावर आली तर होईल. त्याला पैसे लागत नाहीत, एक माणूस आणि एक आठवडा लागतो.

25 मे
नवतपा लागला. बाजारात कांदा महागला, प्रत्येकाच्या खिशात एक. कांदा ठेवा बाबांनो, पण पाण्याची बाटलीही ठेवा.

27 मे
मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या गाळात दोन पोरं अडकली. गुराख्याने ओढून काढलं. शाळेला सुट्टी, घरी कोणी नाही, आईबाप बोद भराईला. अंगणवाडीताईला म्हटलं, चार तास मुलं बसवून घेशील का? म्हणाली, मला सुट्टी कधी?

31 मे
सेल आले. थर्मामीटरचे नव्हेत, भिंतीवरच्या घड्याळाचे.
दुकानातून मीच आणले. सगळ्या आशांना दिले.

7 जून
मृग. दुपारी सर आली, पंधरा मिनिटं. तो भाऊ सबसेंटरला येऊन बसला. वजन कमी झालंय, उन्हात गेला की गरगरतं. एकदा ऊन लागलेल्याला पुन्हा लवकर लागतं, हे त्याला सांगितलं. मजुरीचे चार दिवस ठेकेदाराने कापले, हे त्याने मला.

12 जून
ग्रामसभेला अर्ज दिला. तेंदूचा ठेका आमच्याकडे ग्रामसभाच देते, करार तिचाच. पुढच्या करारात लिहून घ्या: फळीवर मांडव. पुडे पलटवणं सकाळी दहाच्या आत, नाहीतर पाचनंतर. माणसांच्या पिण्याच्या पाण्याचा ड्रम वेगळा, पानांच्या टँकरआधी भरायचा. मुन्शीच्या पेटीत चालू थर्मामीटर. आजारी पडलेल्याची मजुरी कापायची नाही. अध्यक्षांनी वाचलं, पोच दिली. म्हणाले, ठेकेदार दर कमी करेल.
करेलही.
बायांनो, लिलावाच्या सभेला या. दर ठरला म्हणून उठून जाऊ नका. पाण्याचं कलम मोठ्याने वाचून घ्या, मगच अंगठा द्या.