सणावाराची खोली

स्वीडन म्हटलं की आपल्याला आठवतो बर्फ. मला मात्र आता तिथली खेड्यातली घरं आठवतात. माझी धाकटी बहीण तिकडे असते. तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने हेल्सिंगलंड भागातली जुनी शेतकऱ्यांची घरं दाखवायला नेलं.

घरं सगळी लाकडाची. पाइनचे ओंडके आडवे एकावर एक रचायचे, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवायचे, फटींत शेवाळ ठासायचं, की झाली भिंत! मध्ये अंगण, भोवती घर, गोठा, कोठार. मुख्यतः १८०० ते १८७० या काळातली अशी सात घरं २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्यातलं 'योन-लार्स' हे मोठं घर दोन भावांच्या कुटुंबांसाठी बांधलेलं. दोघी जावा कशा नांदल्या असतील, हे माझ्या मनात आलंच!

पण मैत्रिणींनो, खरं नवल पुढेच आहे. या लोकांनी लग्नकार्यासाठी खास खोल्या ठेवल्या होत्या. काहींनी तर त्यासाठी वेगळं घरच बांधलं! फिरत्या चिताऱ्यांकडून भिंतींवर वेलबुट्ट्या आणि बायबलमधले प्रसंग रंगवून घेतले. कार्य उरकलं की दार बंद. रोजचं रांधणं, राहणं साध्या खोलीत. रोजची वर्दळ नाही, धूर नाही, म्हणून ते रंग आजही टिकून आहेत.

एवढा पैसा कुठला? जंगलाचा आणि जवसाचा. हो, आपण चटणी करतो तेच जवस! त्याच्या काड्या भिजवून कुजवायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, तंतू विंचरायचे, मग सूत काढून कापड विणायचं. कातणं-विणणं बायकांकडे. चिताऱ्यांपैकी काहींची नावं आज ठाऊक आहेत. सूत कातणारीचं नाव मला कुठे दिसलं नाही. जिच्या हातांनी पैसा आला, तिच्या वाट्याला ती सुंदर खोली वर्षातून किती दिवस आली असेल?

आमच्याकडे यंदा दिवाळीआधी रंग द्यायचाय. पैसे एकाच खोलीपुरते. "आधी बाहेरची खोली. चार माणसं तिथेच बसतात," हे म्हणाले.

"आणि आपण दोघी दिवसभर कुठे असतो?" मी विचारलं. "यंदा स्वयंपाकघर. माझ्या शाळेच्या पगारातले निम्मे घाला."

हे काही बोलणार, तोच आतून खडखडाट ऐकू आला. सासूबाई फळीवरचे डबे खाली काढत होत्या.