कुठे तरी पाणी मुरतंय!

नांदेड ते लातूर म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आतला रस्ता. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करीत सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत लातुरात पोचतो. जून महिना होता. धाकट्या भाचीचा अकरावीचा प्रवेश होता आणि लातूरच्या कॉलेजात कागदपत्रे दाखवायची मुदत त्याच दिवशी सायंकाळी पाचला संपत होती. गाडी भाच्याची, जुनी, कर्ज काढून घेतलेली. ती भाड्याने चालवून तो हप्ताही फेडतो आणि घरही चालवतो. ताई, थोरले दादा, भाची आणि आम्ही असे सारे त्या गाडीत बसलो.

निघण्यापूर्वी भाच्याने बॉनेट उघडून बाटलीभर पाणी ओतले. आम्ही विचारले, तर म्हणाला, "काही न्हाई मामा, पंधरा दिवस झाले, रोज लिटरभर पाणी लागतंय. टाकलं की चालती."

दादा तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते. ते एवढेच म्हणाले, "चालती खरी. पण ते पाणी जातंय कुठं, ते बघितलं का?" भाचा हसला आणि गाडी सुरू केली.

विष्णुपुरीजवळ 1994 साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ लागले. भाची मान वळवून बघत राहिली. पुढे लोहा गेले, खंडोबाच्या यात्रेचे माळेगाव गेले. नांदेड गोदाकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे 360 मीटरवर. लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशे मीटरच्याही वर. म्हणजे हा रस्ता हळूहळू चढतच जातो. डोळ्यांना ते जाणवत नाही, इंजिनाला मात्र जाणवते. त्यात ऊन, पाच माणसे आणि एसी. अहमदपूर आठ-दहा किलोमीटर राहिले असताना काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली.

गाडी लिंबाच्या सावलीत उभी केली. भाचा फडके घेऊन टोपण उघडायला धावला. दादांनी त्याचा हात धरला आणि आपली बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत जुन्या भाजल्याचा डाग होता. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. टोपण काढले की दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर उडते. दादांचा हात असाच भाजला होता.

पाऊण तास थांबलो. ताई सारखी घड्याळ बघत होती. शेजारच्या टपरीवरच्या बाईंनी घागरीतले पाणी दिले. लातूर शहराला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलुखात कुणी घागर पुढे केली, तर त्या पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तेच पाणी गाडी रोज लिटरभर रस्त्यावर सांडत होती.

गाडी निवल्यावर पाणी भरले. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो. खाली पुठ्ठा टाकला, पण थेंब पडेना. भाचा म्हणाला, "गळतच न्हाई!" दादा म्हणाले, "उभ्या गाडीत दाब कुठंय? ताप चढल्यावर गळती ती." एसी बंद ठेवला, हीटर पूर्ण चालू केला. हीटर इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. घामाने निथळत, काट्यावर नजर ठेवून आम्ही हळूहळू अहमदपूर गाठले.

तिथल्या मिस्त्रींनी आधी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधाळ दिसले नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. म्हणजे पाणी इंजिनाच्या पोटात जात नव्हते. तसे असते तर खर्च भाच्याला झेपला नसता. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून टोपणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब दिला. पंपाचा काटा खाली येऊ लागला. थेंब पंख्याजवळ पडत होता, पण मिस्त्री बॅटरी धरून ओल वर वर शोधत गेले. वरच्या रबरी पाइपाच्या तोंडाशी क्लिपखाली रबर फुगून चिरले होते. भोवती पांढरट खपली जमली होती. थेंब पडतो एकीकडे, गळते दुसरीकडे!

पाइप, क्लिप आणि रबर कडक झालेले टोपण बदलले. आतले पाणी काढले तर ते चहासारखे लाल निघाले. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड. त्यातले क्षार आत थर धरतात, गंज चढतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घालतात. त्याने गंज रोखला जातो आणि पाणी उकळण्याची हद्दही वाढते. हे कूलंट गोडसर पण विषारी असते. मुलाबाळांपासून, कुत्र्या-गुरांपासून दूर ठेवावे. आत अडकलेली हवा काढली, पुन्हा पंप लावला. दहा मिनिटे काटा हलला नाही. सगळा खर्च हजाराच्या आत झाला. इंजिन बसले असते तर भाच्याचे कितीतरी हप्ते थकले असते.

लातुरात पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. भाची फाईल छातीशी धरून धावली. पावती घेऊन बाहेर आली तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी होते.

वाचकहो, ज्यांच्या घरची चूल गाडीवर चालते, त्यांनी रोज सकाळी इंजिन गार असताना बाटलीतली पातळी पाहावी. ती खाली जात असेल तर वरून पाणी ओतून समाधान मानू नये. गळती शोधावी.

दुसऱ्या दिवशी परत निघताना आम्ही पाहिले, भाचा गाडीखाली वाकला होता. रात्री टाकलेला पुठ्ठा त्याने ओढून काढला, हात फिरवून पाहिला आणि दादांना दाखवला. पुठ्ठा कोरडा होता.